सुझनबाईंचं घर, १७ मॅडिसन स्ट्रीट, रॉचेस्टर: एका मतदान अधिकारी क्रमांक एकचा अभिप्राय

आधी कामाचं सांगते. हे सुझन बी. अँथनी यांचं राहतं घर, अमेरिकेत बायकांच्या मताच्या हक्कासाठी झगडलेल्या बाईंचं. आता तिथं संग्रहालय आहे. घर १७ नंबरचं, पण तिकीट शेजारच्या १९ नंबरच्या घरात काढायचं. आत एकट्याला सोडत नाहीत, माहिती सांगणारी व्यक्ती बरोबर असते आणि तासभर तरी जातो. सोमवारी जाऊ नका. जिना जुन्या घरांना असतो तसाच आहे. गुडघे माझ्यासारखे कुरकुरणारे असतील तर कठडा धरून, दम खात चढा. चांगलं वाटलं का? हो. पुन्हा जाईन का? लेकीला आणि नातीला घेऊन नक्की जाईन, नात चालायला लागली की.

मी कोण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. शिक्षक म्हटलं की निवडणूक ड्युटी कपाळी लिहिलेलीच. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या केल्या. बहुतेक वेळा मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे समोर यादी, हातात लाल पेन आणि दारापासून पारापर्यंत रांग. शेवटी दोनदा केंद्राध्यक्षही झाले. त्यामुळे मतदान म्हटलं की मला आधी टेबल दिसतं, मागून लोकशाही.

तर लेकीच्या बाळंतपणासाठी रॉचेस्टरला आले. न्यूयॉर्क म्हटलं की गावाकडं सगळे उंच इमारती विचारतात. हे तसलं न्यूयॉर्क नव्हे. राज्य तेच, पण गाव वर ऑन्टारियो सरोवराच्या काठाला, थंडीचं. सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण जरा स्थिरावल्या, तेव्हा जावई म्हणाले, "आई, आज तुम्हाला सुट्टी. सांगा, कुठं सोडू?" त्यांनी मागे मला एक डॉलरचं नाणं दिलं होतं, १९७९ सालचं. त्यावर अंबाडा घातलेल्या एका करारी बाईचं तोंड. सुझन बी. अँथनी. पंचवीस सेंटच्या नाण्याशी घोटाळा होतो म्हणून लोकांनी ते फारसं चालवलंच नाही म्हणे. आपल्याकडं एक आणि दोन रुपयांचं झालं होतं तसंच. मी म्हटलं, या बाईच्या घरी सोडा.

येताना गाडीत मोबाइलवर एक रील बघितलं होतं, मराठीच. त्यात सांगतात की मत दिलं म्हणून बाईंना तुरुंगात टाकलं. चूक आहे. तुरुंगात वेगळीच माणसं गेली. ती कोण हे सांगायलाच हा एवढा लांब अभिप्राय लिहायला घेतला आहे.

घर विटांचं, साधं, वाड्यासारखं वगैरे काही नाही. १८६६ पासून १९०६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, बाईंचा मुक्काम इथंच. घर मात्र त्यांचं नव्हे, धाकट्या बहिणीचं, मेरीचं. मेरी शाळेत मुख्याध्यापिका होती. माहिती सांगणाऱ्या बाई हे पटकन बोलून पुढे गेल्या, मी मात्र तिथंच अडकले. एक बहीण देशभर भाषणं देत फिरते, कारण दुसरी रोज शाळेत जाते आणि घराचं बघते. आमच्या स्टाफरूममध्ये अशा मेरी किती होत्या म्हणून सांगू!

सुझनबाईही आधी मास्तरीणच होत्या. पुरुष शिक्षकाच्या चौथाई पगारावर. १८५३ साली याच रॉचेस्टरमध्ये शिक्षकांची परिषद भरली होती. हॉलमध्ये बायका ढीगभर, पण बोलायचे फक्त पुरुष. शिक्षकाच्या पेशाला वकील, डॉक्टर, धर्मोपदेशकांसारखा मान का नाही, यावर चर्चा चालली होती. बाई उठून उभ्या राहिल्या. बाईमाणसाला बोलू द्यावं की नाही यावर पुरुषांचा अर्धा तास वाद झाला आणि तेवढा वेळ त्या उभ्याच. परवानगी मिळाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की, बाईला वकील, डॉक्टर होण्याएवढी अक्कल नाही पण शिक्षिका होण्याएवढी आहे असं समाज म्हणत असेल, तर तुमच्यापैकी जो जो शिक्षक झाला त्याने आपली अक्कल बाईएवढीच असल्याचं कबूल केलंय की! हे ऐकून मी एकटीच मोठ्याने हसले. ग्रुपमधल्या बाकीच्यांनी वळून बघितलं. त्यांनी जिल्हा परिषदेची शिक्षण परिषद कुठे पाहिलीय.

आता दर्शनी दिवाणखाना. या घरात एकच खोली बघायला वेळ असेल तर ही बघा. १८ नोव्हेंबर १८७२ ला इथं एक सरकारी माणूस आला, काळे कपडे, उंच टोपी, एकदम सभ्य. बसला, हवापाण्याचं बोलला, मग अडखळत म्हणाला की साहेबांना आपल्याला भेटायचं आहे. कशासाठी? तर अटक करण्यासाठी. बाईंनी विचारलं, पुरुषांना अशीच अटक करता का? मग मलाही रीतसर करा. बेड्या घालायला हातही पुढे केले म्हणतात. त्याने घातल्या नाहीत. घोड्याच्या ट्रामने निघाले, तर तिकीटवाला आला तेव्हा बाई म्हणाल्या, मी सरकारी खर्चाने चालले आहे, पैसे यांच्याकडून घ्या. ती खोली आज पाहिली तर एवढं काही नाही, खिडक्या, पडदे, जुन्या खुर्च्या. पण तो माणूस कुठल्या खुर्चीवर टोपी हातात धरून अवघडून बसला असेल ते मला अगदी दिसत होतं. मतदार आपल्याहून मोठ्या अधिकाराने बोलायला लागला की टेबलावरचा माणूस असाच अवघडतो.

गुन्हा काय, तर ५ नोव्हेंबर १८७२ ला, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत, बाईंनी मत दिलं. त्यांच्याबरोबर वॉर्डातल्या आणखी १४ जणींनी दिलं. पण खरी लढाई चार दिवस आधी झाली होती, १ नोव्हेंबरला, नावनोंदणीच्या वेळी. नोंदणी चालली होती ती एका न्हाव्याच्या दुकानात. आपल्याकडं शाळेत फळ्याखाली बसतो, ते तिथं वस्तरे-आरशांच्या मध्ये. तीन निरीक्षक बसले होते, तिघेही तरुण. बाई बहिणींना घेऊन आत गेल्या आणि म्हणाल्या, नाव लिहा. ते म्हणाले, जमत नाही, कायद्यात पुरुष म्हटलंय. बाईंनी राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती वाचून दाखवली: इथं जन्मलेली 'व्यक्ती' ही नागरिक आहे, आणि नागरिकाचे हक्क कुठलंही राज्य काढून घेऊ शकत नाही. मग म्हणाल्या, बाई व्यक्ती आहे की नाही तेवढं सांगा. शिवाय नाही नोंदवलंत तर तिघांवरही खटला घालीन, माझा वकील तयार आहे.

आता त्या टेबलामागे स्वतःला बसवून बघा. जोन्स नावाचा निरीक्षक २५ वर्षांचा. मार्श आणि हॉल हे दुसरे दोघे. तिघांत एकाचा विरोध, दोघे तयार. नाव लिहिलं तर वरून कारवाई, नाही लिहिलं तर समोरची बाई कोर्टात खेचणार. आपल्याकडं निदान झोनल अधिकाऱ्याला फोन लावता येतो. त्यांनी लिहिलं.

मतदानाच्या दिवशी तिथल्या एका पक्षाच्या माणसाने बाईंच्या मतावर हरकत घेतली. आपल्या भाषेत आक्षेपित मत. तिथला नियम असा होता की हरकत आली तर मतदाराला शपथ द्यायची, आणि शपथ घेऊन उत्तरं बरोबर दिली तर मत पेटीत घ्यायचं. बाईंनी शपथ घेतली. निरीक्षकांनी मत पेटीत टाकलं. नियमाप्रमाणे जे करायचं तेच केलं. मी त्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

माण तालुक्यातल्या एका गावात, कागदी मतपत्रिका होत्या त्या काळची गोष्ट. एक म्हातारी मत द्यायला आली. यादीत नाव होतं, वय जरा कमी छापलं होतं. एका पोलिंग एजंटने हरकत घेतली, की ही ती नव्हे, ती मेली. आपल्याकडं हरकतीला दोन रुपये अनामत भरावी लागते, त्याने खिशातून काढून टेबलावर आपटली. केंद्राध्यक्ष गुरुजींनी म्हातारीला विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?" झालं! आजी गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही जन्माची सवय. मागची रांग खोळंबली. एजंट म्हणतोय, बघा, हिला नवऱ्याचंच नाव माहीत नाही. गुरुजी म्हणाले, "आजी, नाव घ्या, नाहीतर मत जाईल." आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, एजंटाकडं बघितलं आणि म्हणाल्या:

"वडाच्या पारावर सावली दाट,
रंगरावांचं नाव घेते, सोड माझी वाट!"

सगळी शाळा हसली. यादीत रंगरावच होतं. गुरुजींनी सही-अंगठा घेतला, शाई लागली, मतपत्रिका मिळाली. एजंटाचे दोन रुपये जप्त. ती पावती मी स्वतः लिहिली होती.

आजींचं निभावलं. १९५१-५२ ला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना, उत्तरेकडच्या राज्यांत मुख्यतः, बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी असली नावं घेऊ नका म्हणून सांगितलं, आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गेल्या. हे मला ट्रेनिंगमध्ये एका साहेबांनी सांगितलं होतं आणि मी ते कधी विसरले नाही. दिवाणखान्यातल्या खुर्चीकडं बघताना तेच आठवत होतं. सुझनबाईंना नवऱ्याचं नाव विचारायची सोयच नव्हती. लग्न केलंच नाही. त्यांच्या तरुणपणी तिथल्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या सहीने करारही करता येत नसे. यांची सही मात्र चालत होती.

हे लग्न झालेल्या बायकांचं मिळकतीचं प्रकरणही त्यांनीच तडीला नेलं. १८५४ च्या नाताळात ५० डॉलर घेऊन निघाल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ६० पैकी ५४ जिल्ह्यांत बर्फातून घोडागाडीने फिरल्या. गावोगाव सभा आणि सह्या. १८६० ला कायदा झाला, बाईची कमाई बाईची. ५४ जिल्हे! आम्हाला एका केंद्राची पेटी एस.टी.ने न्यायची म्हटली तरी आदल्या रात्री झोप येत नसे.

खटला जून १८७३ मध्ये उभा राहिला. तोही आपल्या गावात नाही. तारीख लागेपर्यंत बाईंनी रॉचेस्टरच्या जिल्ह्यातल्या सगळ्या २९ टपाल ठाण्यांच्या गावी जाऊन 'नागरिकाने मत देणं गुन्हा आहे का?' असं भाषण दिलं. सरकारी वकिलाला वाटलं, आता इथं निष्पक्ष ज्युरी मिळायची नाही. खटला शेजारच्या जिल्ह्यात, कॅनन्डेग्वाला नेला. बाईंनी तिथंही भाषणं सुरू केली. न्यायाधीश हंट. ज्युरी बारा पुरुषांची. बाईंना साक्ष द्यायला उभं केलं नाही, आणि युक्तिवाद संपल्या संपल्या न्यायाधीशांनी खिशातून आधीच लिहून आणलेला निकाल काढला आणि ज्युरीला सांगितलं की दोषी म्हणा. एकालाही तोंड उघडू दिलं नाही. आमच्याकडं मतमोजणी सुरू व्हायच्या आधी निकालपत्रक भरलं तर काय होईल, त्यातला प्रकार.

मग रिवाजाप्रमाणे विचारलं, काही म्हणायचं आहे का? बाई बोलत सुटल्या. न्यायाधीश म्हणतोय बसा, त्या उभ्याच. दंड १०० डॉलर. त्या म्हणाल्या, तुमच्या या अन्यायी दंडातला एक डॉलरही मी देणार नाही. आपल्याजवळ आहे ते फक्त १० हजार डॉलरचं कर्ज, आपलं वर्तमानपत्र चालवताना झालेलं. ते कर्ज त्यांनी पुढे व्याख्यानं देऊन पैसा न् पैसा फेडलं. दंड मात्र मरेपर्यंत भरला नाही. न्यायाधीशही वस्ताद. दंड भरेपर्यंत तुरुंगात ठेवा असं म्हणाला असता तर बाईंना सर्वोच्च न्यायालयात जायला वाट मिळाली असती. म्हणून म्हटलंच नाही. त्याआधी जामिनाच्या वेळी त्या तुरुंगात जायला तयार होत्या, तेव्हा त्यांच्याच वकिलाने, सेल्डन यांनी, भल्या बाईला कोठडीत कसं पाठवू म्हणून हजार डॉलर भरून टाकले. भलेपणाही कधी कधी आडवा येतो.

मग तुरुंगात कोण गेलं? ते टेबलावरचे. तिन्ही निरीक्षकांना बेकायदा मत घेतलं म्हणून प्रत्येकी २५ डॉलर दंड झाला. जोन्स आणि मार्श यांनी भरला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये त्यांना आत टाकलं. ज्यांची मतं त्यांनी पेटीत टाकली होती त्या बायका त्यांना घरचं जेवण घेऊन तुरुंगात जात होत्या. आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी माफी दिली. त्याच ग्रँटना बाईंनी मत दिलं होतं, हेही त्यातच.

मी ती नावं पुन्हा विचारून वहीत लिहून घेतली. जोन्स. मार्श. सुझनबाईंचं नाणं निघालं, पुतळे झाले. या दोघांच्या नावाने काही निघालं नाही. मतदान अधिकाऱ्याच्या नावाने निघतही नसतं. भत्ता निघाला तरी पुष्कळ.

माफीवरून आठवलं. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी सुझनबाईंना माफी जाहीर केली. या संग्रहालयाने उलट कळवलं की बाईंच्या वतीने आम्ही ती नाकारतो, माफी घेणं म्हणजे तो खटला खरा मानणं. मला हे फार आवडलं. घर जपणाऱ्यांनी बाईंचा स्वभावही जपलाय.

वरच्या मजल्यावर काळा रेशमी पोशाख आहे, तांबडी शाल आणि ती प्रसिद्ध मगरीच्या कातड्याची बॅग. बॅग बघून मला आमच्या निवडणूक साहित्याच्या पिशवीची आठवण झाली. बाई ती घेऊन देशभर फिरत, आत कागदच कागद. त्या काळी बाईकडे स्वतःची बॅग असणं म्हणजे स्वतःचा पैसा असणं, असं माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या.

गुलामगिरीच्या लढ्याचं इथं लोक घाईघाईने बघतात, मताचं प्रकरण ऐकून पोट भरलेलं असतं. मी थांबले. अँथनींचं घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, वडिलांची कापडाची गिरणी. गुलामांनी पिकवलेला कापूस शक्यतो घ्यायचा नाही असा त्यांचा प्रयत्न असे. १८३७ च्या मंदीत सगळं बुडालं, मग १८४५ ला रॉचेस्टरजवळ शेती घेतली. रविवारी तिथं गुलामगिरीविरोधी मंडळी जेवायला जमत. फ्रेडरिक डग्लसही त्यात. ते स्वतः गुलामीतून पळून आलेले आणि याच शहरात वर्तमानपत्र काढणारे. १८५६ पासून बाई गुलामगिरीविरोधी संस्थेच्या पगारी प्रतिनिधी. जानेवारी १८६१ मध्ये, गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण यादवी युद्ध तोंडावर असताना, 'गुलाममालकांशी तडजोड नाही' अशी पाटी घेऊन दौरा काढला. गावोगाव जमाव चालून आला. सिराक्यूजला त्यांचा पुतळा रस्त्यातून फरपटत नेऊन जाळला. आल्बनीला शहराचे महापौर स्वतः व्यासपीठावर मांडीवर पिस्तूल ठेवून बसले, म्हणून सभा झाली. आमच्याकडं संवेदनशील केंद्र म्हटलं की दोन होमगार्ड जास्त देतात. अध्यक्षाच्या मांडीवर पिस्तूल ही पद्धत अजून आलेली नाही.

मग युद्धाच्या मध्यात, १८६३ ला, चळवळीतल्या जोडीदारीण एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझनबाई यांनी बायकांची संघटना काढली आणि गुलामगिरी घटनेतूनच उखडा म्हणून अर्ज फिरवला. जवळजवळ चार लाख सह्या. पहिल्या एक लाखांची भेंडोळी ९ फेब्रुवारी १८६४ ला दोन उंच कृष्णवर्णी गृहस्थांनी सिनेटच्या सभागृहात नेऊन सिनेटर समनर यांच्या टेबलावर ठेवली. मला सह्यांचं माहीत आहे. दारोदार फिरून यादी अद्ययावत करताना शंभर घरांमागे चपलेचा अंगठा तुटतो. चार लाख!

इथं मला आमचे जोतीराव आठवले नसते तरच नवल. सातारा जिल्ह्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं गाव, ३ जानेवारीला मुलांना घेऊन कितीदा गेले असेन. जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त केलं त्यांनाच अर्पण केलंय. त्याच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे १ जून १८७३. म्हणजे पुण्यात प्रस्तावना लिहून झाली आणि सतरा दिवसांत इकडे त्या सज्जनांपैकीच एका बाईला न्यायाधीश 'बसा खाली' म्हणत होता. हे मी माहिती सांगणाऱ्या बाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी जोतीरावांचं नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि कागदावर लिहून ठेवलं.

आता कडू. युद्ध संपलं, काळ्या पुरुषांना मत द्यायची पंधरावी दुरुस्ती आली, बायकांना वगळून. सुझनबाई आणि स्टँटनबाई भडकल्या. राग समजतो मला. पण त्या रागात गुलामगिरीच्या बाजूच्या वर्णद्वेष्ट्या श्रीमंताचा पैसा वर्तमानपत्राला घेतला, अडाणी काळ्यांपेक्षा शिकलेल्या बायका बऱ्या अशा धर्तीचं बोलल्या. १८६९ ला चळवळ दुभंगली. डग्लस समोरासमोर म्हणाले की आमच्या लोकांना नुसतं काळं म्हणून दिव्याच्या खांबाला लटकवतात, आमचा प्रश्न जिवाचा आहे. त्यांचं बरोबर होतं असं माझं मत. 'आधी आमचं, मग तुमचं' हे कुठल्याही यादीत कुणीतरी मागे राहिल्याशिवाय होत नाही, पण मागे राहिलेल्याने शेजाऱ्याला हिणवावं हे काही खरं नव्हे.

आणि तरीही याच घरातली दुसरी गोष्ट ऐका. आयडा बी. वेल्स, झुंडीच्या हत्यांविरुद्ध लिहिणारी काळी पत्रकार, इथं पाहुणी म्हणून उतरली होती. सुझनबाईंनी आपल्या लघुलेखिकेला सांगितलं, पाहुण्यांचा पत्रव्यवहार घे. ती म्हणाली, काळ्या बाईचं मी लिहून घेणार नाही. बाईंनी तिला तिथल्या तिथं घरचा रस्ता दाखवला. छान. पण त्याच बाईंनी वेल्सना सांगितलं की अटलांटाला भरलेल्या मतहक्काच्या अधिवेशनाला डग्लस यांना मीच येऊ नका म्हटलं, दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिचकू नयेत म्हणून. माझं चुकलं का? वेल्स म्हणाल्या, हो, चुकलं. पाहुणी म्हणून घरात असताना तोंडावर. डग्लस त्याच वर्षी, १८९५ च्या फेब्रुवारीत वारले. ज्या दिवशी वारले त्याच दिवशी वॉशिंग्टनला बायकांच्या सभेत त्यांना मानाने व्यासपीठावर नेणाऱ्यांत सुझनबाई होत्या. माणसाची बेरीज-वजाबाकी मला नीट जमत नाही. गणित मी चौथीपर्यंतच शिकवलं.

माळा १८९५ ला वर चढवलेला, तिथं चळवळीच्या इतिहासाचं आणि बाईंच्या चरित्राचं काम चालायचं. कागदपत्रांचे ढीग. रेकॉर्ड रूमचा वास येईल असं वाटलं, पण नाही आला. १३ मार्च १९०६ ला, ८६ व्या वर्षी, त्या याच घरात गेल्या. बायकांना मत मिळालं १९२० ला. आपल्याकडं मुंबई इलाख्यात १९२१ ला, तेही मिळकत असलेल्यांनाच. म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्या मागे फार नव्हतो, हे मी जावयांना परतताना दोनदा ऐकवलं.

दुकानातून एक पोस्टकार्ड घेतलं. तारे किती द्यायचे याचा घोळ झाला, घराला द्यायचे की बाईंना. घराला पाच. बाईंना चार, पंधराव्या दुरुस्तीचा एक कापून. जोन्स आणि मार्श यांना पाचही.

बाहेर पडल्यावर लगेच गाडीत बसू नका. शेजारच्या बागेत बाई आणि डग्लस समोरासमोर चहा पीत बसलेले पुतळे आहेत, मध्ये टेबल, किटली, पुस्तकं. मी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला उभी राहून फोटो काढून घेतला. पुढे मॅडिसन आणि वेस्ट मेन यांच्या कोपऱ्यावर, जिथं त्यांनी मत दिलं तिथं, ब्राँझची कुलूप लावलेली मतपेटी केली आहे. जावई म्हणाले, उभ्या राहा, इथंही काढतो. मी आधी पेटीला चारी बाजूंनी फेरी मारली. कुलूप होतं. कागदी सील नव्हतं, एजंटांच्या सह्याही नव्हत्या.